दुष्काळाचे देणे

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव नकाशात शोधावयाचे म्हटले तर भिंग हाती घ्यावे लागेल. परंतु चैत्रातील यात्रेच्या दिवसांत जो कोणी बार्शी, करमाळा किंवा भूम या बाजूंनी येणाऱ्या रस्त्यांपैकी कोणत्याही एका रस्त्यावर उभा राहील, त्याला गावाचा पत्ता विचारण्याची वेळ येणार नाही. काळभैरवनाथाच्या दर्शनास निघालेल्या माणसांच्या मागोमाग आणि 'भैरवनाथाच्या नावानं चांगभलं' या घोषाच्या रोखाने चालत राहिले की माणूस आपोआप देवळाच्या दाराशी येऊन पोचतो. भैरवनाथ आणि जोगेश्वरी ही येथील दैवते. मराठवाड्यातील, सोलापूर-नगर भागातील आणि त्यापलीकडचीही कितीतरी घराणी त्यांना आपले कुलदैवत म्हणतात. माणदेशातील म्हसवड आणि खरसुंडी येथील सिद्धनाथाचा संबंधही परंपरा सोनारीशीच जोडते. ज्या मुलखाकडे पावसाने पाठ फिरवली नेमका तोच मुलूख या देवाने आपल्या पदरात घेतला आहे की काय, असे नकाशा पाहताना वाटून जाते.

यात्रेस येणाऱ्यांत मागावयास येणारे असतात तसे फेडावयास येणारेही असतात, आणि या प्रकरणाचा विषय ते दुसरे लोक आहेत. मागणाऱ्याचे मन समजणे अवघड नाही. पोर आजारी आहे, विहीर आटली आहे, कोर्टातला दावा अडकला आहे, माणूस देवापाशी तोंड वेंगाडतो. पण पोर बरे झाले, विहिरीला पाणी लागले, दाव्याचा हुकूमनामा आपल्या बाजूने झाला, आणि मग पुण्याच्या कारखान्यातली रजा टाकून, गाडीभर माणसे घेऊन, उन्हाच्या कारात तो इतक्या दूर परत का येतो? नवस बोलणारा कित्येकदा आजोबा असतो आणि फेडणारा नातू. ज्या संकटातून सुटका झाली ते संकट नातवाने डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. तरी आजोबाने तोंडी करून दिलेली ही कबुलायत, जिच्यावर ना सही ना शिक्का, तो बिनतक्रार मान्य करतो, आणि सावकाराचा कागद चुकवण्याच्या शंभर वाटा ज्याला ठाऊक असतात तोसुद्धा हे देणे बुडवावयास धजत नाही.

याचे सरधोपट उत्तर भय हे आहे. देव कोपेल, वंशाला बाधा होईल, म्हणून माणूस नवस फेडतो, असे सुधारक पंथाचे विद्वान गेली शंभर-सव्वाशे वर्षे सांगत आले आहेत, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु भयाने केलेल्या भरण्यात घाई असते, टाळाटाळ असते आणि काम उरकल्यावर सुटल्याचा निःश्वास असतो. सोनारीच्या यात्रेत पुरणाचा नैवेद्य घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या वागण्यात यांतले फारच थोडे आढळते. त्याला वाईट दिवसांची आठवण ठेवावयाची असते, आणि ती मनावर सोपवली तर टिकणार नाही हे त्याच्या पूर्वजांनी ओळखलेले असल्यामुळे तिला तिथी, वार, नैवेद्य आणि वाट यांची बंधने घातलेली असतात. पाऊस पडला की माणूस दुष्काळ विसरतो. या विसरण्याशी आपल्या समाजाने जो दीर्घकाळ झगडा मांडला त्याचे एक नाव कुळाचार असे आहे.

हा मुलूख विसरावयास फारशी सवड देणारा नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि बारा वर्षे चालला असे सांगितले जाते तो दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत देवीच्या नावानेच राहिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याने गावेच्या गावे ओस पाडली त्याला लोकांनी नाव दिले ते देवीचे. पंधराव्या शतकात मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे रयतेसाठी उघडली, आणि त्या अपराधाची रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारी भरून पावती घेतली, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? दुष्काळाच्या या कथेत देव अवतरतो तो पाऊस पाडण्यासाठी नव्हे; सरकारी बाकी चुकती करून तो रीतसर रसीद घेतो. दप्तर आणि वसूल यांच्या राज्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या लोकांनी आपल्या देवालाही हिशेबाची शिस्त लावली, याचे मला मोठे कौतुक वाटते.

पुढे १६३० ते १६३२ या काळात जो दुष्काळ पडला त्याने गुजरातपासून दख्खनपर्यंत हाहाकार उडवला, आणि त्याच सुमारास मोगलांचे सैन्य निजामशाही बुडवण्याच्या उद्योगाने याच प्रदेशात वावरत होते. सोनारीच्या शेजारचा परंड्याचा किल्ला त्या धामधुमीत सापडला. १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखान या किल्ल्यास वेढा घालून बसला. पण भोवतालच्या मुलखात माणसांना दाणा आणि जनावरांना वैरण मिळेनाशी झाल्यामुळे त्याला वेढा उठवून निघून जावे लागले. किल्ला वाचला तो तटबंदीमुळे जितका, तितकाच शिवारातल्या उपासमारीमुळे. पुढल्याच वर्षी परंड्याची प्रचंड तोफ, जी आज विजापूरच्या बुरुजावर मुलूख-मैदान या नावाने दाखवतात, ती येथून हलवली गेली. इतिहासाच्या पुस्तकांनी तोफेचा प्रवास तपशिलाने नोंदवला. तिची वाट ज्या ओसाड गावांतून गेली असेल त्यांच्याविषयी ती मुकी आहेत. अस्मानी आणि सुलतानी ही जोडगोळी मराठी माणसाच्या तोंडी इतकी बसली आहे ती अशा वर्षांमुळे.

त्याच दुष्काळाने देहूच्या एका सावकारी घराण्याची राखरांगोळी केली. तुकोबांची पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, दुकानाचे दिवाळे निघाले. या घटनेनंतर तुकोबांनी काय केले याकडे लक्ष दिले म्हणजे आपल्या विषयाचा गाभा हाती लागतो. घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते ते त्यांनी दुरुस्त केले, एकादशीचे कीर्तन सुरू केले, आणि घरात असलेली कर्जाची खते बाहेर काढून, भाऊ कान्होबाचा हिस्सा त्याच्या स्वाधीन करून, आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ज्याला स्वतःस उपाशी राहण्याचा अर्थ कळला त्याला दुसऱ्याच्या उपासावर काढलेले व्याज गोड लागेना. पुढे अभंगांत मागे वळून पाहताना त्यांनी दिवाळे, दुष्काळ आणि पत्नीवियोग या सर्वांची गणना देवाच्या उपकारांत केली आहे, आणि ती ज्या सुरात केली आहे तो वाचून आजचा वाचक थोडा बिचकतोच. दुःखाबद्दल कृतज्ञता ही गोष्ट इतकी चढी आहे की सामान्य माणसाने तिची नक्कल करू नये असे मला वाटते. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल तर मुळीच करू नये. सामान्य माणसासाठी समाजाने दुसरी, सोसेल अशी वाट काढलेली आहे.

ती वाट पाहावयाची तर सोनारीहून त्याच जिल्ह्यात तुळजापूरकडे वळावे. तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे अशा घरांतून मंगळवारी किंवा शुक्रवारी, आणि विशेषतः नवरात्रात, सवाष्ण बाई जोगवा मागावयास निघते. हातात परडी असते: बांबूची विणलेली, काठाला हळदकुंकवाची बोटे लागलेली, वापराने काळपट झालेली, गळ्यात कवड्यांची माळ. घर खाऊनपिऊन सुखी असते, कणगीत ज्वारी असते, कित्येकदा पती शिक्षक अथवा मामलेदार कचेरीतला कारकून असतो. तरी ती उंबरठ्याबाहेर उभी राहून पाच घरी जोगवा मागते, आणि समोरची बाई, जी कदाचित हिच्याहून गरीब असेल, आतून सुपातले मूठभर पीठ आणून परडीत घालते. मागणारीने मान वर करून पिठाचे माप पाहावयाचे नसते. ते पीठ घरी आणून त्याची भाकरी होते, आणि घरची माणसे ती प्रसाद म्हणून खातात. त्या भाकरीत पाच घरच्या ज्वारीची सरमिसळ झालेली असते; एखाद्या घरची जाडसर दळलेली, एखाद्याची जुनी, किंचित कडवट. ज्या घरात एरवी कडवट पिठाची भाकरी कोणी ताटात घेणार नाही त्या घरात ती त्या दिवशी कोणी टाकीत नाही.

खंडोबाच्या कुळाचारात पाच घरी वारी मागण्याची रीत याच जातीची. मराठवाड्यात मोहरमच्या दिवसांत नवसाची मुले फकीर होत, त्यांच्या गळ्यात हिरवे वस्त्र वा नाडा येई आणि तीही पाच दारी भिक्षा मागून येत. त्यांत हिंदू घरची मुले अनेक असत, आणि निजामाच्या अमलाखालच्या या मुलखात त्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नसे. देव निराळे, पीर निराळे, पण आज्ञा तीच: वर्षातून एकदा तरी याचक हो. आपण एके काळी कोणाच्या तरी दारात उभे होतो, निदान आपला खापरपणजा उभा होता, हे ज्ञान प्रवचनाने होत नाही. त्याकरिता ओंजळ पसरावी लागते आणि ती पसरताना होणारी मनाची चलबिचल अनुभवावी लागते. धर्माने माणसाला नम्र व्हा असा उपदेश केला तर माणूस मान डोलावून घरी जातो. धर्माने परडी हातात दिली तर सबब सांगता येत नाही.

मराठी बोलणाऱ्यांतच एक समाज असा आहे की ज्याच्या धर्मग्रंथात ही कल्पना सर्वांत उघड शब्दांत मांडलेली आहे. कोकणातील बेने इस्रायल हे यहुदी, ज्यांना कुलाबा जिल्ह्यात शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी तारू फुटून वाचलेली सात जोडपी होती असे सांगतात. म्हणजे कोकणातला त्यांचा इतिहास सुरू होतो तोच संकटातून वाचण्यापासून. मोशेच्या नियमशास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकात पुन्हापुन्हा एकच कारण दिलेले आढळते: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. आणि या आठवणीला जोडून येणारी आज्ञा पाहण्यासारखी आहे. चाकराला व दासीलाही आठवड्यातून एक दिवस विसावा दे. कापणीच्या वेळी शेतात राहिलेली पेंढी आणावयास परत जाऊ नकोस, ती परक्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी असू दे. उपकारकर्त्याची स्तुती करून मोकळे होण्याची मुभा या शास्त्राने ठेवलेली नाही. जे तुझ्यावर गुदरले ते तुझ्या चाकरावर गुदरू देऊ नकोस, हा कृतज्ञतेचा भरणा त्याने ठरवून दिला.

वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री, घाईने मिसर सोडताना पीठ फुगण्यास वेळ मिळाला नाही याची आठवण म्हणून, बिनखमिराची भाकर खावयाची, गुलामीच्या आठवणीसाठी कडू पाला खावयाचा, आणि घरातल्या सर्वांत लहान पोराने आजची रात्र निराळी का म्हणून विचारावयाचे, मग वडील माणसाने साऱ्या हालअपेष्टांची कथा सांगावयाची, असा तो विधी आहे. १८७४ साली पुण्यात या विधीची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका आपल्या इकडच्या लुगड्यांत, जमिनीवर बसलेल्या दिसतात. मिसर देशातली गुलामी पुण्याच्या छापखान्यात आली ती काष्टा घालून!

परंतु त्याहून विलक्षण गोष्ट त्यापूर्वीची आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला त्यात कोकणातले जुने सण नोंदवले आहेत. शेकडो वर्षे स्वधर्मीयांपासून तुटून राहिल्यामुळे या लोकांजवळ ग्रंथ उरले नव्हते. वल्हांडणाची कथाही विस्मृतीत गेली होती. तरी त्या आठवड्यात घरातील आंबट रसाचे मडके, ज्याला ते आनस म्हणत, झाकून ठेवावयाचे, इतका आचार त्यांनी सोडला नाही, आणि सणाचे नावही त्या मडके झाकण्यावरूनच पडले. का झाकावयाचे हे कोणास ठाऊक नव्हते. पुढे कोचीनकडून आलेल्या धर्मशिक्षकांनी आणि मग मराठीतून मिळालेल्या धर्मग्रंथांनी त्यांना मिसरची कथा परत सांगितली तेव्हा मडके तयारच होते. कथा त्यात येऊन बसली. आठवण आचाराला जन्म देते हे खरे, पण आठवण मेल्यावरही आचार तिची जागा राखून ठेवू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. अलिबागजवळ खंडाळे येथील ज्या खडकावर एलियाहू पैगंबराच्या रथाची खूण दाखवतात तेथे नवस फेडावयास आणि पोह्यांचा, खोबऱ्याचा, फळांचा मलिदा ठेवावयास बेने इस्रायल आजही जातात. १९४८ नंतर इस्रायलला गेलेली कुटुंबेही तेथे येतात. सोनारीच्या यात्रेकरूला त्या खडकापाशी नेले तर त्याला तेथे चालले आहे ते समजावून सांगावे लागणार नाही.

शेतात राहिलेल्या कणसांविषयीची ती आज्ञा वाचून आपल्याकडच्या सरव्याची आठवण न होणे अशक्य आहे. सुगी संपल्यावर रानात पडलेली कणसे, शेंगा वेचावयास गोरगरीब बायका येत, आणि धन्याने त्यांना हटकू नये असा संकेत असे. तो संकेत सगळीकडे पाळला गेला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; सरवा वेचणारीच्या ओटीतली मूठ झाडून घेणारे धनीही होते. तथापि आपल्या आधी दुसऱ्याचा वाटा काढण्याची वृत्ती या जिल्ह्यात अनपेक्षित जागी भेटते. सोनारीच्या देवळाच्या परिसरात माकडांची वस्ती मोठी, आणि यात्रेकरूंच्या पिशवीतला पहिला घास त्यांचा. याच जिल्ह्यातील उपळा या गावी तर महसुली दप्तरात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, आणि पूर्वी तेथे लग्नकार्यात पहिला मान माकडांना दिला जात असे, हेही त्यासोबत आले. ही नोंद कोणी व कशासाठी केली याचा उलगडा गावकऱ्यांनाही नाही. तलाठ्याच्या कागदावर वानरांचे खाते उघडणाऱ्या त्या अनामिक पूर्वजाला माझा दंडवत.

इथपर्यंत वाचून, हालअपेष्टा भोगल्या की माणूस देवापुढे नम्र होतो असा नियमच आहे असे कोणास वाटेल तर ते खरे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन करून गावे नुकती झोपली असता, किल्लारी आणि सास्तूर या पट्ट्यातील भूकंपाने हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. ज्या हातांनी आदल्या रात्री मूर्ती पाण्यात सोडल्या त्याच हातांनी सकाळी ढिगारे उपसले. अशा माणसास कृतज्ञतेचा पाठ देणे क्रूरपणाचे आहे, आणि ज्यांनी तो त्या वेळी देऊ पाहिला त्यांनी धर्माची सेवा केली असे मला वाटत नाही. वाचलेला माणूस स्वतःहून आभार मानतो तेव्हा ते आभार असतात. त्याच्याकडून ते मागितले की तो सारा होतो.

आणि आठवण जुन्या आज्ञेपासून दूरही नेऊ शकते. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. वतन या प्रतिष्ठित शब्दाआड जी अहोरात्र राबणूक आणि मानहानी दडलेली होती ती त्या समाजाला कोणी आठवून द्यावी अशी गरज नव्हती. पंधरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास त्याच स्मृतीने लक्षावधी लोकांना जुन्या दैवतांचा त्याग करावयास लावले. परंतु तेथेही बाबासाहेबांनी अनुयायांना मोकळे सोडले नाही, बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन असा त्या शिस्तीचा मोठा भाग आहे. मिसर सोडणाऱ्यांना वाटेत नियमशास्त्र मिळाले होते याची येथे आठवण होते. दास्य आठवत राहील तोवर नवे बंधन आपखुशीने पत्करले जाते, ही गोष्ट सीनायच्या पायथ्याशी आणि दीक्षाभूमीवर सारखीच घडलेली दिसते.

आता सोनारीच्या आसपास जी वृद्ध माणसे आहेत त्यांच्या लेखी दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. सन सांगण्याची गरज नाही, नुसते 'बहात्तर' म्हटले की पुरे. ओळीने दोन-तीन वर्षे पाऊस दगा देत गेला आणि १९७२ मध्ये त्याने कडेलोट केला. गावोगाव धोंडी निघाली, महादेवाचे गाभारे पाण्याने भरून देव कोंडले गेले; कारण आपला शेतकरी देवाची आज्ञा पाळतो तसा प्रसंगी देवावर जप्तीही आणतो. पाऊस आला नाही. मग माणसे दुष्काळी कामावर गेली. अंगावर धडके लुगडे नाही अशी बाई आणि पाटीलकीचा मान असलेल्या घरची सून एकाच रांगेत बसून खडी फोडू लागल्या. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस निघाले. मिलोची भाकरी थापताना तुटे, घशाखाली उतरत नसे, आणि एरवी ती जनावरांना घालतात असे कोणी सांगितले तर ऐकणारा कानाआड करी. गुरे मात्र फार मेली.

त्या वर्षाची आठवण शासनाने एका निराळ्या प्रकारे जपली, आणि मला ती धर्माच्या वहिवाटीशी फार जवळची वाटते. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ च्या कायद्यात उतरली, आणि तिचा खर्च भागवण्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला होता. शहरातला कारकून दरमहा पगारातून कापली जाणारी ती किरकोळ रक्कम पाहून कपाळाला आठ्या घालीत असे. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या नावाने काढलेला तो मूठभर जोगवाच होता. त्याला परडी दिसत नव्हती इतकेच.

पन्नास वर्षांत पुष्कळ पालटले. सीना-कोळेगावचे धरण झाले, उजनीचे पाणी शेजारी आले, आणि सोनारीच्या शिवारात भैरवनाथाचेच नाव धारण केलेला साखर कारखाना उभा राहिला. दुष्काळी तालुक्यात ऊस, आणि उसाच्या फडापलीकडल्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर, हे दृश्य मराठवाड्यात आता कोणास खटकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले तरी खटकले नाही. नवस फेडावयास येणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही, मानाचे नारळ फुटतात, नैवेद्य होतात. ज्या पाण्यासाठी आजोबांनी नवस बोलला त्याचा हिशेब मात्र पूजेच्या यादीतून गळाला. मडके झाकले जाते, कथा हरवली. बेने इस्रायलांच्या घरी लहान पोराला प्रश्न विचारण्याचा हक्क विधीनेच दिला होता. आपल्या घरी पोराने कुळाचार का म्हणून विचारले तर 'आपल्यात असतं' एवढे उत्तर मिळते आणि पोर गप्प बसते. नारळ कोणत्या वर्षाचा, कोणत्या विहिरीचा, हे सांगणारी पिढी सत्तरी ओलांडून पुढे गेली आहे.

तरी एक नवा आचार रुजला आहे, आणि तो कोणत्याही पोथीत नाही. बहात्तरच्या कामावर जे पाझर तलाव खोदले गेले त्यांतले काही गाळाने भरले, काही अजून टिकून आहेत, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव सांडव्याला लागला की गावच्या बायका खण-नारळ घेऊन जातात आणि त्याची ओटी भरतात. ज्या तलावाची माती तिने वा तिच्या सासूने घमेल्यातून वाहिली, जेथे दिवसभराच्या मजुरीसाठी मुकादमाने लावलेल्या हजेरीवर अंगठा उठवला, त्याच तलावाला ती बाई देवीचा मान देते. हल्ली त्याचा समारंभ होतो, मंडप पडतो, त्याला जलपूजन म्हणतात आणि पत्रिका छापतात. पत्रिकेवर आमदार, सभापती, संचालक यांची नावे हुद्द्याच्या क्रमाने असतात; तलाव कोणी खोदला हे छापण्याची वहिवाट अद्याप पडलेली नाही.